पाच गुणांची टीप आणि यिर्मयाचं जू

‘टिपा लिहा : संदेष्टे (५ गुण)’. आमच्या बी.ए.च्या मुलांना प्राचीन ज्यू इतिहासातली, देवाचा निरोप सांगणारी ही माणसं पहिल्यांदा भेटतात ती अशी. गाइडात उत्तर तयार असतं. भविष्य सांगत, मूर्तिपूजेला विरोध करत, एकच देव मानायला शिकवत. यात खोटं काही नाही. पण एवढं घोकलं की संदेष्टा म्हणजे ज्योतिषी आणि प्रवचनकार यांच्या मधलं काहीतरी, असं डोक्यात पक्कं बसतं आणि ते काढता काढता नाकी नऊ येतात.

कॉलेज रायगड जिल्ह्यात, किनाऱ्याला, त्यामुळे वर्ग अगदी कोराही नसतो. मुसलमान मुलांना मूसा, दाऊद, इलियास ही नावं घरूनच ठाऊक. अलिबागच्या इस्राएल आळीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, निदान बाहेरून पाहिलेलं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, शनवार तेली म्हणत, हे कुणाच्या तरी आजीने सांगितलेलं असतं. आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याचा तो खडक आहेच, जिथे एलियाहू हनबीच्या, म्हणजे संदेष्टा एलीयाच्या, रथाच्या खुणा उमटल्या अशी श्रद्धा आहे. बेने इस्राएल घरांत नवस फेडताना गोड पोह्यांचा मलिदा करतात तोही याच एलियाहूच्या नावाने. म्हणून मी सुरुवात त्याच्यापासून करते. फक्त मलिद्याच्या ताटावरून उठवून मुलांना इ.स.पू. नवव्या शतकातल्या तापट एलीयासमोर उभं करते.

गोष्ट नाबोथाच्या द्राक्षमळ्याची. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या अहाब राजाला वाड्याशेजारची ती जमीन भाजीपाल्यासाठी हवी होती. वाडवडिलांची जमीन देणार नाही, असं नाबोथ म्हणाला, तर राजा जेवण टाकून, तोंड फिरवून पलंगावर पडून राहिला. मग राणी ईजबेलने राजाची मोहोर लावून पत्रं धाडली. दोन खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथावर देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आळ आला आणि त्याला दगडांनी ठेचून मारलं. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तर तिथे एलीया हजर. खूनही केलास आणि वतनही बळकावलंस? आमच्या तालुक्यात जमिनींचे भाव कुठे पोहोचलेत ते मुलांना माहीत आहे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅडम, तेव्हा सातबारा नव्हता का?” पुढे समजवावं लागलं नाही.

मात्र राजा वाईट आणि संदेष्टा चांगला, एवढ्यावर सोडलं तर तेही गाइडच. म्हणून लगेच त्याच अहाबाच्या पदरचे चारशे संदेष्टे दाखवते. युद्धाला जा, जिंकशील, असं सगळे एका सुरात सांगतात आणि एकटा मीखाया नाही म्हणतो. आमोस मी भरभर घेते. दक्षिणेकडच्या यहूदा राज्यातल्या तकोवाचा हा मेंढपाळ संदेष्टा, उत्तरेत बेथेलला जाऊन श्रीमंतांना फैलावर घेतो, तिथला याजक त्याला आपल्या देशी चालता हो म्हणतो. इ.स.पू. ७२२ मध्ये उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरांच्या (असिरियनांच्या) हाती पडली, हे फळ्यावर लिहून पुढे.

खरा वेळ मी यिर्मयाला देते. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) राजा नबुखद्नेस्सरने यहूदाची राजधानी यरुशलेम घेतली, तिथल्या तरुण राजाला आणि कारागिरांना धरून नेलं, मंदिरातली भांडी नेली आणि सिदकीयाला गादीवर बसवलं. काही वर्षांत शेजारच्या राजांचे दूत यरुशलेमात जमले, बंडाची कुजबुज सुरू झाली. अशा वेळी यिर्मया मानेवर जू घालून हिंडतो आणि बाबेलपुढे मान तुकवा म्हणतो. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो, दोन वर्षांत भांडीही परत येतील आणि राजाही.

दोघांची वचनं मी नावं खोडून वाटते. तुमचा भाऊ बाबेलला नेलाय, तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल? जवळजवळ सगळे हात हनन्यासाठी वर. एक मुलगी म्हणाली, “दुसरा तर शत्रूचा माणूस वाटतो.” यरुशलेमकरांनाही पुढे तसंच वाटलं. फितुरीच्या आरोपाखाली यिर्मयाला वेशीवर पकडलं, नंतर चिखलाने भरलेल्या हौदात सोडलं. राजवाड्यातल्या एका कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाच्या) सेवकाने त्याला वर काढलं तेव्हा दोर काचू नयेत म्हणून काखेत घालायला आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या. ही चिंध्यांची गोष्ट मुलं तारखांपेक्षा जास्त लक्षात ठेवतात.

त्या दिवशी मंदिरात हनन्या यिर्मयाच्या मानेवरचं जू मोडून टाकतो, तेव्हा यिर्मया काही न बोलता निघून जातो. मुलांना हे अजिबात पटत नाही. मी तास मुद्दाम तिथेच थांबवते.

पुढच्या तासाला इ.स.पू. ५८६ येतं. शहर पडलं, मंदिर जळलं. त्यावर एकाने अचूक बोट ठेवलं. ज्याचं खरं ठरलं त्याचंच पुस्तक राहिलं ना? बरोबर आहे. यिर्मयाच्या ग्रंथाला आजचं रूप शहर पडल्यानंतर आलं, हनन्याचं म्हणणं आपल्याला विरोधकाच्या ग्रंथातूनच कळतं. मग मी यहूदातल्या लाखीश या तटबंदीच्या शहरातली खापरं काढते. १९३५ मध्ये उत्खननात सापडलेल्या, शाईने लिहिलेल्या या पत्रांपैकी एकात, संदेष्ट्याकडून ‘सावध’ असा इशारा देणारं पत्र आल्याचा उल्लेख आहे. संदेष्ट्याचं नाव नाही. पण पडझडीच्या त्या वर्षांत संदेष्ट्याचा शब्द सैन्याच्या टपालातून फिरत होता, एवढं त्यावरून दिसतं.

चाचणीला आता मी टिपा विचारत नाही, हनन्याची बाजू मांडायला सांगते. एकीने लिहिलं, हनन्या लबाड नव्हता. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेमवर चालून आला तेव्हा शहर वाचेल असं संदेष्टा यशया म्हणाला होता आणि ते वाचलं. हनन्या तोच जुना भरवसा पुन्हा देत होता. यशयाचा तास झाला होता, पण हा धागा तिने स्वतः जोडला. पूर्ण गुण दिले. विद्यापीठाच्या पेपरात मात्र प्रश्न तोच येतो, म्हणून शेवटच्या तासाला गाइडातली टीपही फळ्यावर उतरवून देते.