मोपा ते दाबोळी : तीन नद्या आणि पर्वरी

तिकिटावर नुसतं 'गोवा' छापलेलं असतं, पण गोव्यात आता विमानतळ दोन आहेत. उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा आणि दक्षिणेला वास्कोजवळचा दाबोळी. मी पुण्याहून मोपाला उतरलो आणि बंगळुरूची आत्या दाबोळीला उतरणार होती. तिला घेऊन मडगावला लग्नघरी पोचायचं, म्हणजे अख्खा उत्तर गोवा ओलांडणं आलं.

नकाशावर पट्टी ठेवलीत तर दोन्हींमध्ये चाळीसेक किलोमीटर भरतात. रस्त्याने मात्र साठच्या आसपास. या दोघांमध्ये विमान अर्थातच नाही, त्यामुळे टॅक्सी किंवा कदंबाची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची बस. 'दीड तास पुरे ना?' असं विचारल्यावर चालक आरशातून बघत म्हणाला, "पर्वरी कशी आसा, ताचेर." म्हणजे पणजीच्या अलीकडच्या पर्वरीत गर्दी कशी आहे, त्यावर.

मोपा म्हणजे उघडा सडा, सपाट पठार. जांभ्या दगडाचा, झाडं जेमतेम. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. नाव मनोहर पर्रीकरांचं. बांदा, सावंतवाडीकडच्या मंडळींना तो दाबोळीपेक्षा कितीतरी सोयीचा, कारण पत्रादेवीची महाराष्ट्र-गोवा हद्द जवळच. धारगळला महामार्गाला लागेपर्यंत रस्ता गुळगुळीत, गाडी सुसाट. कोलवाळला शापोरा नदी ओलांडली, म्हापसा मागे पडलं, आणि मग पर्वरी.

उड्डाणपुलाच्या कामामुळे इथे रस्त्याची पार रया गेली होती. पत्र्यांच्या आडोशाआडून क्रेनची मान वर आलेली, लाल धुळीने माखलेल्या स्कूटर दोन ट्रकांमधून वाट काढत होत्या. आत्याचा फोन आला : "अरे, कुठे पोचलास? माझी बॅगसुद्धा आली." मी म्हटलं, "पर्वरी." ती मूळची कुठ्ठाळीची, तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

पर्वरी सुटली की मांडवी. अटल सेतू २०१९ चा. पणजीच्या गर्दीत न शिरता वरच्या वर पलीकडे. बांबोळी, आगशी, आणि झुआरी. केबलांच्या पंख्यांचा नवा पूल डोळ्यांत भरतो. इथला जुना पूल व्हायच्या आधी आगशी-कुठ्ठाळी फेरीबोट होती, आणि वाट बघण्यातच अर्धा दिवस जायचा असं आत्या सांगते. आता ती नदी दोन-चार मिनिटांत पार होते.

कुठ्ठाळीहून डावीकडचा मडगावचा रस्ता सोडून आम्ही उजवीकडे वास्कोच्या दिशेला वळलो. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये केली, भारताने नाकेबंदी केली तेव्हा. आज तो नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. नौदलाच्या सरावाच्या वेळांमुळे नागरी विमानांना तिथे पहिल्यापासून बंधनं. दुसरा विमानतळ हवा होता यामागे हेही एक मोठं कारण.

दाराशी पोचलो तेव्हा दोन तास व्हायला आले होते. त्यातला बराचसा वेळ एकट्या पर्वरीने खाल्ला. मडगाव किंवा कोळव्याला जाणाऱ्यांनी थोडं महाग पडलं तरी दाबोळीचंच तिकीट घ्यावं. वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. तिकिटावरचा कोड बघा : जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. आणि एकीकडे उतरून दुसरीकडून उडायचं असेल तर मध्ये पाच तास ठेवा. पावसाळ्यात सहा.

आत्याचं परतीचं तिकीट मोपाचं निघालं. विमान सकाळी आठचं. मडगावहून पहाटे चारला निघायचं ठरलं, तेव्हा पर्वरी झोपलेली असते.