अग्यारीच्या दारात उभं का करता? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, आत जाताच येत नाही तर मग अग्यारीपाशी नेता कशाला?"

मुंबईतल्या फोर्टातून पायी धर्मस्थळं दाखवायची माझी एक फेरी असते, त्यात एक थांबा अग्यारीचा, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिराचा. पारशी नसलेल्यांना तिथे आत सोडत नाहीत. म्हणून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच नीट लिहून टाकते. कोणी चालता चालता विचारतं, कोणी रात्री घरी पोचल्यावर मेसेज करतं, एकांनी तर पैसे घेऊन बंद दार दाखवलं असंच लिहिलं. काहीजण चांगल्या मनाने सुचवतात की तो थांबा काढा, त्याऐवजी हाजी अलीला न्या, माउंट मेरीला न्या, तिथे निदान आत तरी जाता येतं. फोर्टातून हाजी अली आणि वांद्रे, ते पण अर्ध्या दिवसात, तेही रविवारी. असो.

माझी रविवारची फेरी तुम्हाला माहीतच आहे. रविवार अशासाठी की शनिवारी ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस असतो, त्यांचं प्रार्थनास्थळ, सिनगॉग, बघायला मिळत नाही, आणि रविवारी झवेरी बाजार बंद असतो म्हणून शेवटी मुंबादेवीकडे धड चालता तरी येतं. सुरुवात क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरच्या भिखा बेहराम विहिरीपासून. 1725 ची विहीर, समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं. भिखाजी बेहराम मराठ्यांच्या तावडीत सापडले होते, त्यांना मुसलमान समजून कैदेत टाकलं, मग त्यांनी पारशी असल्याची खूण म्हणून अंगातला सदरा आणि कमरेची कस्ती दाखवली तेव्हा सुटका झाली, अशी कथा सांगतात. आपल्या लोकांना ही गोष्ट फार आवडते. आता बघा, त्या विहिरीच्या कठड्याच्या आत पण फक्त पारशीच जाऊ शकतात, तशी पाटी आहे, पण तिच्याबद्दल आजवर कोणी तक्रार केली नाही, कारण ती रस्त्यावरून दिसते, फोटो मिळतो. म्हणजे आत जाता न येण्याचा त्रास नसतो लोकांना, बघायला न मिळण्याचा असतो. हे मला बरंच उशिरा लक्षात आलं.

मग काळा घोड्याचं निळं सिनगॉग, केनेसेथ एलियाहू, ससून घराण्याने 1884 मध्ये बांधलेलं. दारात पोलीस असतात, ओळखपत्र बघतात, आणि आत गेलं की सगळे खूश. तिथे बसून मी बेने इस्राएलींचं सांगते, कोकणातले शनिवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे. मराठी ज्यू म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलतात. पण पुढचं सांगितलं की जरा शांतता होते. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू या कोकणातल्या ज्यूंना बरोबरीचं मानायला तयार नव्हते, आणि पुढे इस्राएलला गेल्यावर सुद्धा तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, लग्न लावताना यांच्या वंशावळी तपासायला काढल्या, त्यासाठी यांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे 1964 मध्ये सरकारने जाहीर केलं की हे पूर्ण ज्यू आहेत. म्हणजे ज्या धर्माच्या दारातून आपण आत्ता आरामात आत आलो त्या धर्मात याच माणसांना आपण आतले आहोत हे सिद्ध करत बसावं लागलं.

सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये फार वेळ घेत नाही. 1718 चं, चर्चगेट हे नाव त्याच्यावरून पडलं, संगमरवरी स्मारकं आहेत, प्रार्थना चालू असेल तर मागे उभं राहायचं. सुंदर आहे, पण माझ्याकडे त्याच्याबद्दल भांडण्यासारखं काही नाही.

आणि मग अग्यारी. कुठली ते इथे लिहीत नाही. फोर्टात दोन-तीन आहेत, 1709 ची बनाजी लिमजी आहे, दाराशी पंखवाले, माणसाच्या तोंडाचे बैल असलेली माणेकजी सेठ आहे. मी कधी इथे थांबते कधी तिथे. समोरच्या फुटपाथवर उभं राहून आतल्या आगीबद्दल सांगते. सगळ्यात वरच्या दर्जाची आग ती आतश बेहराम, ती सोळा ठिकाणच्या आगी एकत्र करून बनते. त्यात वीज पडून लागलेली आग, कुंभाराची, सोनाराची, लोहाराची, आणि चितेची सुद्धा, प्रत्येक आग किती वेळा शुद्ध करून मग एकत्र करायची. भारतात अशी आतश बेहराम आठ, त्यातली चार एकट्या मुंबईत. फोर्टातल्या या त्याहून खालच्या दर्जाच्या. पण कुठल्याही दर्जाची असली तरी दिवसातून पाच वेळा तिला सुखड, म्हणजे चंदनाचं लाकूड, द्यायची आणि ती विझू द्यायची नाही. हे सगळं ऐकून झालं की लोक दाराकडे बघतात, आणि तिथून तो प्रश्न येतो.

पूर्वी माझं उत्तर ठरलेलं होतं. त्यांचा नियम आहे, आपण आदराने पाळायचा, इथून हात जोडा, चला पुढे. मला ते उत्तर पटायचं. अजूनही अर्धं पटतं.

मग तो रविवार आला. पावसाळा संपत आला होता, ग्रुप मोठा, त्यात ठाण्याचे एक काका होते, बोलके, वाचलेले, पण सकाळपासून प्रत्येक ठिकाणी आमच्यात असं असतं, आमच्यात तसं असतं चालू. अग्यारीपाशी आल्यावर ते रस्ता ओलांडून थेट दाराशी गेले, आत डोकावले, मोबाइल वर केला, दारातल्या म्हाताऱ्या माणसाने हात आडवा केला. काका परत आले ते चिडूनच. "आमच्या देवळात आम्ही कोणाला अडवतो का? सगळ्यांना येऊ देतो. यांचंच काय एवढं?"

मी त्यांना तिथेच बोलले, आणि आवाज चढवून बोलले. म्हटलं काका, काळारामाच्या दारात 1930 साली बाबासाहेबांनी सत्याग्रह सुरू केला तेव्हा दार कोणी बंद केलं होतं? पंढरपूरला विठोबाचं दार उघडायला 1947 मध्ये साने गुरुजींना दहा दिवस उपाशी बसावं लागलं, तेव्हा बडवे कुठल्या धर्माचे होते? शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना 2016 उजाडेपर्यंत चढता येत नव्हतं, पुरीला जगन्नाथाच्या देवळात आजही हिंदू नसलेल्याला सोडत नाहीत. आणि लोक हाजी अली म्हणतात ना, तिथे 2012 च्या सुमाराला बायकांना मजारीपाशी जायची बंदी झाली ती हायकोर्टात जाऊन 2016 मध्ये उठवावी लागली. तेव्हा दार बंद करण्यात कोणी कोणाला हसायला नको. काका गप्प झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, आणि मग मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं, की हा त्यांचा नियम आहे, त्यांचा आदर म्हणून आपण पाळायचा.

तेव्हा मागून एक बाई म्हणाल्या, "कोणाचा आदर?"

साधारण माझ्याच वयाच्या, दादरच्या, कॉटनचा ड्रेस, सकाळपासून एक प्रश्न विचारला नव्हता. बघते तर त्यांनी ओढणी डोक्यावरून घेतली होती, मी कोणालाच तसं सांगितलं नव्हतं, बाहेर फुटपाथवर तर त्याची गरजही नव्हती. मला वाटलं टोमणा मारतायत, मी काहीतरी बोलायला लागले, तर त्या म्हणाल्या, "माझी आई पारशी. बाबा मराठे. आईचा नवजोत, म्हणजे धर्मात घ्यायचा विधी, झाला होता, माझा होऊ शकला नाही. माझ्या मामाने गोव्याच्या कॅथलिक मुलीशी लग्न केलं, त्याच्या मुलाचा झाला, तो आत जातो. लहानपणी आम्ही एकाच घरात वाढलो, एकाच ताटात जेवलो. तुम्ही आत्ता म्हणालात त्यांचा आदर, त्यात मी कुठे येते ते मला सांगा."

काय सांगणार? मला 1908 चा निकाल तोंडपाठ होता. रतनजी दादाभॉय टाटांची फ्रेंच बायको, सुझान ब्रिएर, जेआरडींची आई, तिचा नवजोत झाला, लग्न झालं, मग ती पारशी का नाही, अग्यारीत तिचा हक्क का नाही यावरून पारशी पंचायतीच्या ट्रस्टींविरुद्ध मुंबई हायकोर्टात खटला उभा राहिला. न्यायमूर्ती दावर आणि बीमन. धर्म स्वीकारला म्हणून पंचायतीच्या ट्रस्टच्या अग्यारीवर हक्क येत नाही असा निकाल लागला, आणि पारशी कोण हे सांगताना पारशी बापाची मुलं आत आली, पारशी आईची बाहेर राहिली. शंभर वर्षांपूर्वीच्या निकालपत्रातला तो मजकूर आणि आत्ता माझ्यासमोर उभी असलेली ही बाई. मला तो निकाल त्यांना ऐकवायची लाज वाटली. त्यांना तो माझ्याहून चांगला माहीत असणार.

त्या बोलतच होत्या, सगळ्यांसमोर, पण माझ्याकडे बघून. आजी, त्या ममईजी म्हणत होत्या, वारली तेव्हा डुंगरवाडीत, पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, विधी सुरू व्हायच्या आधी यांना चेहरा बघू दिला आणि मग बाहेर बाकावर बसायला सांगितलं. आईला कोणी काही म्हणालं नाही, पण कोणी म्हणायच्या आत आईच उठून लेकीशेजारी बाकावर येऊन बसली, स्वतःच्या आईचा विधी आत चालू असताना. "ती त्यानंतर कधीच अग्यारीत गेली नाही. मागच्या वर्षी ती वारली. इथे ती लग्नाआधी यायची म्हणून मी आज आले, नाहीतर मला तुमच्या फेरीत काही इंटरेस्ट नव्हता."

ठाण्याचे काका सगळ्यात पुढे उभे होते आणि खाली बघत होते.

बाहेर सुखड विकायला बसतात तिथून त्यांनी एक छोटी काठी घेतली आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, आत जायला नाही, नुसत्या. दारातला माणूस आता हात आडवा करेल म्हणून मी धावतच रस्ता ओलांडला. तेवढ्यात एक म्हातारी पारशीण आली, फ्रॉक, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. तिने यांच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि गुजरातीत एवढंच विचारलं, कोणाच्या नावाने? यांनी आईचं नाव सांगितलं. माहेरचं आडनाव लावून. म्हातारीने काठी घेतली आणि आत गेली. चौकशी नाही, सहानुभूती नाही, काही नाही. तो दारातला माणूस पण काही बोलला नाही.

त्या म्हातारीने नियम पाळला की मोडला? यावर मी माझ्याशीच खूप भांडले आहे. पाळला म्हणावं तर तिने बाहेरच्यांची काठी आत नेली, मोडला म्हणावं तर जिला आत यायची परवानगी नाही तिला ती आत घेऊन गेली नाही.

तर हे कारण आहे. मी तो थांबा काढणार नाही. पूर्वीची मी फेरीच्या शेवटी मुंबादेवीपाशी सगळ्यांना उभं करून सांगायची की बघा, एका सकाळी पायी पायी सगळे धर्म, हीच आपली मुंबई. ते आता माझ्या तोंडून निघत नाही. कोळ्यांची देवी, तिच्याजवळ कोकणी मुसलमानांची जुम्मा मशीद, मशिदीच्या पोटात तळं, हे जवळजवळ आहे हे खरंच आहे आणि मला ते मनापासून आवडतं, नाहीतर मी हे काम केलं नसतं. पण जवळजवळ राहणं वेगळं आणि एकमेकांना आत घेणं वेगळं, आणि या शहरात पहिलं बऱ्यापैकी जमलं ते दुसरं कोणी फारसं मागितलं नाही म्हणूनच कदाचित. यावर जुनी मी म्हणते की मग काय बिघडलं, दारं राहू देत की, दारं आहेत म्हणून तर आतलं टिकलं. 2001 च्या जनगणनेत पारशी 69,601 होते, 2011 मध्ये 57,264. एवढीशी माणसं, त्यांनी आपली आग आपल्यापुरती ठेवली तर आपल्यासारख्या कोट्यवधींनी त्यावर बोलावं का? हा मुद्दा मला खोडता येत नाही. फक्त त्या दादरच्या बाई कोट्यवधींतल्या नाहीत हो. त्या त्या आकड्यातच असायला हव्या होत्या.

नियम बदलत नाहीत असंही नाही. वलसाडच्या गुलरुख गुप्तांचं प्रकरण पेपरात आलं होतं, हिंदू नवरा केला म्हणून तिचा धर्मच बदलला असं गुजरात हायकोर्ट 2012 मध्ये म्हणालं, आणि 2017 मध्ये सुप्रीम कोर्टात तिथल्या अंजुमनने, म्हणजे पारशांच्या स्थानिक संस्थेने, तिला आईवडिलांच्या विधीला येऊ द्यायचं कबूल केलं. पुण्यात त्याच वर्षी सगळ्यांना खुलं असलेलं जरथुश्ती प्रार्थनास्थळ सुरू झालं. मग लोक म्हणतात तिथेच जावं ना त्यांनी. जावं की, पण त्यांची आई पुण्यात नव्हती जात, ती फोर्टात यायची.

हे सगळं मी आता त्या फुटपाथवर सांगते. 1908 चा निकाल सांगते, मामेभावाचं सांगते, नावं न घेता. त्यामुळे थांबा लांबतो, उन्हात उभं राहावं लागतं, हे मला कळतं, पाणी बरोबर ठेवा. आणि यावर नाराज फक्त तुम्हीच नाही. माझ्या ओळखीचे एक पारशी गृहस्थ आहेत, मला आगीबद्दल जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. त्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, ही आमच्या घरातली गोष्ट आहे, तू ती रस्त्यावर उभी राहून परक्यांना पैसे घेऊन सांगतेस. मी म्हटलं त्या बाई पण घरातल्याच आहेत आणि त्यांनी ती रस्त्यावर उभं राहूनच मला सांगितली, कारण दुसरीकडे कुठे त्यांना उभं राहता येत नव्हतं. ते म्हणाले, तिने सांगितलं तो तिचा हक्क, तुझा कुठून आला? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे. थांबा चालू आहे.