लॉगिन होतंय, मग फाईल का जात नाही? (तुम्ही विचारलंत म्हणून)

"पिंग जातंय, लॉगिन पण होतंय, फक्त फोल्डरची लिस्ट येत नाही, पाच मिनिटं फायरवॉल बंद करून बघ ना." फायरवॉल (नेटवर्कवर कोणतं कनेक्शन जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी) मी सांभाळते, म्हणून एफटीपीने (फाईल सर्व्हरवर पाठवायची-आणायची जुनी पद्धत) काम करणाऱ्या इतक्या जणांकडून हे ऐकलंय की आता एकदाच लिहून टाकते.

लॉगिन झालं म्हणजे रस्ता मोकळा, हेच मुळात चूक. एफटीपीला दोन कनेक्शन लागतात. पोर्ट (कनेक्शनसाठीचं नंबर दिलेलं दार) २१ वर नुसत्या कमांड, आणि लिस्ट असो की फाईल, ती दुसऱ्याच पोर्टवरून. पॅसिव्ह मोडमध्ये, म्हणजे दुसरं कनेक्शनही क्लायंटच (वापरणाऱ्याकडचं सॉफ्टवेअर) जोडतो तेव्हा, तो दुसरा पोर्ट सर्व्हर आयत्या वेळी ठरवतो आणि कळवतो. बरेच फायरवॉल ते बोलणं ऐकून तेवढा पोर्ट तेवढ्यापुरता उघडतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला काही कळतच नाही.

आमच्याकडे कळलं ते टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन, चालू केल्यावर. तसं एफटीपी म्हणजे एफटीपीएस. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन, लॉगिन होऊन लिस्ट लटकतेय, आणि गंमत म्हणजे काहींचं व्यवस्थित चालू. "फायरवॉलला कोणी हात लावला?" कोणीच नव्हता लावला, पण ऐकतो कोण! वरून दबाव आला, शेवटी सगळ्यांसमोर सगळं अलाऊ करून दाखवलं, तरी लिस्ट आली नाही. त्यावर "मग नक्की काहीतरी लपवतेयस" हे ऐकावं लागलं, ते अजून टोचतं.

क्लायंटच्या लॉगमध्ये ओळ होती: २२७ (सर्व्हर पॅसिव्हचा पत्ता आणि पोर्ट कळवतो, त्या उत्तराचा कोड), आणि कंसात १०,०,०,५,१९५,८०. पहिले चार आकडे म्हणजे आयपी, शेवटचे दोन म्हणजे पोर्ट, १९५ गुणिले २५६ अधिक ८०, झाले ५००००. पण १०.०.०.५ हा सर्व्हरचा आतला पत्ता, बाहेरच्याला त्याचा काय उपयोग? आधी फायरवॉल तो वाचून बाहेरचा पत्ता घालून द्यायचा. टीएलएस आल्यावर त्याला आतलं वाचताच येईना, मग बदलणार काय आणि उघडणार काय? ज्यांचं चालत होतं त्यांच्याकडे फाईलझिला हा क्लायंट होता, तो असला पत्ता बघून स्वतःच सर्व्हरचा मूळ पत्ता वापरतो. शेवटी सर्व्हरला पब्लिक आयपी सांगितला, पॅसिव्हची रेंज ५०००० ते ५०१०० बांधली, तेवढेच पोर्ट उघडले, झालं.

फायरवॉलचा काहीच दोष नसतो असं नाही म्हणत हं. मोठी फाईल चालू असताना २१ वरचं कनेक्शन गप्प बसलेलं असतं, काही फायरवॉल तेच आयडल समजून तोडतात, मग फाईल पूर्ण जाऊनही क्लायंट उत्तराची वाट बघत बसतो. तिथे शिव्या घाला, माझी हरकत नाही.

पूर्वी मी सरळ सांगायचे, एसएफटीपी (नाव सारखं, पण पद्धत वेगळीच) वापरा, एकच पोर्ट २२, कटकट संपली. अजूनही तेच बरं वाटतं. पण समोरचा म्हणतो आमच्याकडे एफटीपीएसच चालतं, आणि काम तर करायचंच असतं, तेव्हा त्या सल्ल्याचं काय करायचं ते मलाही सुचत नाही. तोवर विचारायला याल तेव्हा "होत नाहीये" चा स्क्रीनशॉट नको, २२७ ची ओळ पाठवा.