तुम्ही विचारलंत म्हणून: मिशन रविवारी यिर्मया कशाला?

"मिशन रविवारी उभे राहिलात की दर वेळी जुन्या करारात का शिरता? मत्तय 28 वाचा की!" तरुण संघात विचारतात, पाळक मित्र विचारतात. मिशन रविवार म्हणजे चर्च सुवार्ताप्रसारासाठी राखून ठेवतं तो रविवार. तर एकदाचं लिहूनच टाकतो.

मत्तय 28, म्हणजे 'जा, सर्व राष्ट्रांना शिष्य करा' ही येशूची आज्ञा, मी पुष्कळ वाचलीय. पंचविशीतला मी झोळीत पत्रिका भरून गावोगाव हिंडायचो, आणि त्या पोराला मी आजही हसत नाही. 'जा' म्हटलं, तो गेला. पण पाठवणारं घर कसं आहे, हे त्याने कधी विचारलं नाही. मला ते जुन्या करारातल्या इस्राएल लोकांनी विचारायला लावलं. सीनाय डोंगरापाशी देव त्यांना याजकांचं राज्य म्हणतो, आणि थोड्याच अध्यायांत परदेशी, विधवा, अनाथ यांना छळू नका म्हणून बजावतो. राष्ट्रांना देव दिसायचा तो अशा वागण्यातून.

एका जुन्या मंडळीने (चर्चने) मला मिशन रविवारी बोलावलं होतं. भिंतीवर बाप्तिस्म्यांचा तक्ता, बाहेर मंडप. त्याच आवारात एका दिवंगत प्रचारकाची विधवा एका खोलीत राहायची आणि कमिटीला ती खोली रिकामी हवी होती. मला हे ठाऊक होतं. मी यिर्मया 7 काढला. यिर्मया हा संदेष्टा; यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभा राहून तो देवाचा निरोप सांगतो, 'परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर' असं घोकू नका. परक्याला, पोरक्याला, विधवेला छळणं सोडा. नाहीतर शिलोला, जिथे आधी माझं निवासस्थान होतं तिथे, जाऊन बघा मी काय केलं ते. हा माणूस अनाथोथचा. शलमोन राजाने शिलोच्या एली याजकाच्या वंशातल्या अब्याथार याजकाला पदावरून काढून तिथेच धाडलं होतं. शिलोचं नाव काढताना त्याला काय वाटलं असेल? मी कुणाचं नाव घेतलं नाही. पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

उपासनेनंतर खजिनदार म्हणाले, "साहेब, मिशनसाठी बोलावलं होतं, घरभाड्याच्या भांडणासाठी नाही." ते सोसलं. पण ती बाई फाटकापाशी गाठून म्हणाली, "मला विचारलं असतंत तर नको म्हटलं असतं." पुढच्या महिन्यात ती लेकीकडे निघून गेली. मला पुन्हा बोलावणं नाही.

तरी मी खजिनदारांशी आजही भांडेन. येशूने मंदिरात काय केलं, ते मार्क 11 मध्ये बघा. 'सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचं घर' हे यशयातलं आणि 'लुटारूंची गुहा' हे याच यिर्मया 7 मधलं, दोन्ही त्याने एका दमात म्हटलं. मग मिशन आणि विधवेची खोली वेगळी करणारे तुम्ही कोण?

(इस्राएलावर बोट ठेवून हे मी सांगत नाही. त्यांना झापणारे संदेष्टे त्यांचेच होते आणि ती झापणी त्यांनीच जपून ठेवली. कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) कुटुंबासमोर वाचता येणार नाही असं मी काही बोलत नाही.)

बायकोचं म्हणणं वेगळं. ती यिर्मया 26 दाखवते. त्या उपदेशानंतर यिर्मयाला मारायलाच निघाले होते. तेच बोलणाऱ्या उरीया संदेष्ट्याला यहोयाकीम राजाने मिसरातून पकडून आणून मारलं. यिर्मया वाचला, कारण अहीकाम हा दरबारी त्याच्या पाठीशी उभा राहिला. ती म्हणते, "त्या बाईला अहीकाम हवा होता, तुम्ही यिर्मया होऊन आलात." तिचं खरं असेल. पण हे वचन कुणी वाचलंच नाही, तर कमिटीत अहीकाम कुठून तयार व्हायचा, हे तिनेही अजून सांगितलेलं नाही.