रेकॉर्डर बंद केल्यावर

माझी पीएचडी दोन देशांत चालते. प्रबंध एकच, पण विद्यापीठं दोन, मार्गदर्शकही दोन. पगार मिळतो फ्रेंच विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या करारावर, आणि सीमेपलीकडे जाण्या-येण्याचा खर्च सारब्रुकेनमध्ये मुख्यालय असलेलं फ्रेंच-जर्मन विद्यापीठ देतं. या विद्यापीठाला स्वतःचे वर्ग नाहीत. दोन्ही सरकारं त्यात निम्मे-निम्मे पैसे घालतात आणि ते अशा जोड-अभ्यासक्रमांना वाटले जातात. म्हणजे मी ज्या फ्रेंच-जर्मन मैत्रीचा अभ्यास करते, तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या संस्थेचे पैसे घेते. हे मला अधूनमधून खुपतं. कुणी काही लिहायला सांगत नाही, तरी अहवाल लिहिताना हात आपोआप गोड शब्दांकडे वळतो.

विषय आहे जुळी शहरं, म्हणजे दोन देशांतल्या पालिकांनी आपसात जोडलेलं मैत्रीचं नातं. फ्रान्समधलं माँबेलियार आणि जर्मनीतलं लुडविग्सबुर्ग यांनी 1950 साली नातं जोडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर या दोन देशांतल्या शहरांनी असं नातं जोडण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही देशांमधला मैत्रीचा एलिझे करार 1963चा, म्हणजे नेत्यांच्या आधी नगरपालिका पुढे सरसावल्या होत्या. माँबेलियारचे तेव्हाचे महापौर ल्यूसियँ तारादँ हे बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेले गृहस्थ. त्यांनीच जर्मनांशी हात मिळवला म्हटल्यावर विरोध करणाऱ्यांना तोंड उघडणं अवघड झालं असणार, असा माझा अंदाज. शिवाय हे गाव चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रेंच क्रांतीपर्यंत व्युर्टेमबेर्गच्या जर्मन घराण्याकडे होतं. त्या घराण्याचा किल्ला आजही गावात उभा आहे, आणि लुडविग्सबुर्गचा राजवाडाही त्यांचाच. जुनी सोयरीक होतीच.

त्या दिवशी माँबेलियारच्या एका बाईंची मुलाखत होती. वय नव्वदीच्या आसपास. वडील जवळच सोशोला प्यूजोच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला होते. तरुणपणी त्या पालिकेच्या बसमधून लुडविग्सबुर्गला गेल्या आणि तिथल्या मुलीला नंतर घरी राहायला बोलावलं. मी पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने आले. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून बस. बाईंनी आधी केक वाढला, मग संमतीपत्र नीट वाचलं, मग चष्मा काढून विचारलं, "तुम्ही भारतातून आलात. आमच्या भांडणांशी तुमचा काय संबंध?"

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आधी फ्रेंच आणि मग जर्मन शिकले, एवढं उत्तर सहसा पुरतं. त्यांना पुरलं नाही, पण त्या हसल्या.

पहिला तासभर अपेक्षित तेच आलं. बसमधली गाणी, बटाट्याचं सॅलड, त्या मुलीने आणलेला चिनी मातीचा कप. आईने मात्र पाहुणी आली त्या रात्री जेवणाच्या टेबलावर एक शब्द काढला नव्हता. मी विचारलं, "जर्मन होती म्हणून?"

"बंद करा ते," बाई म्हणाल्या. मी रेकॉर्डर बंद केला.

पुढे त्या बराच वेळ बोलल्या. काय, ते इथेही लिहिणार नाही. एवढंच सांगते की ते जर्मनांबद्दल नव्हतंच. नोव्हेंबर 1944मध्ये गाव जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झालं, त्यानंतरच्या काही आठवड्यांतलं होतं, आणि त्यातली माणसं फ्रेंच होती, त्याच गल्लीतली. जाताना म्हणाल्या, "गावातल्या पोरीला हे सांगितलं नसतं. जर्मन पोरीला तर नाहीच." मी दोघींपैकी कुणीच नव्हते, म्हणून मला कळलं.

दोन्ही मार्गदर्शकांना त्याच रात्री मेल केला. फ्रेंच बाजूच्या बाई म्हणाल्या, वहीत लिहून ठेव आणि नाव-गल्ली न देता वापर, इतिहास असाच लिहिला जातो. जर्मन सरांचं उत्तर दोन ओळींचं: लेखी संमती नाही, तर प्रबंधात तो मजकूर नाही. मला सरांचं पटलं. गल्ली न सांगताही गाव ओळखणारच. इतक्या लहान जागी नाव गाळून काही लपत नाही. मुलाखत कागदावर उतरवताना त्या ठिकाणी मी 'मुलाखत देणाऱ्यांच्या विनंतीवरून ध्वनिमुद्रण थांबवले' असं लिहिलं. मुलाखत दिलेल्या बाईंनी ते वाचून सही केली.

पण ऐकलेलं विसरता येत नाही. प्रबंधातल्या माझ्या प्रकरणाची सुरुवात 1950च्या हस्तांदोलनापासून होती, ती मी सहा वर्षं मागे नेली. आता पालिकेची इतिवृत्तं आणि स्थानिक वर्तमानपत्रं चाळते आहे. जर्मनांशी समेट व्हायच्या आधी गावाला आपसात काय मिटवावं लागलं, याच्या खुणा तिथे उघड्यावर आहेत का, ते पाहायचंय. तिथे सापडलं, तर कुणाच्या संमतीची गरज नाही. वार्षिक अहवालात हा बदल मी सरळ शब्दांत कळवला आणि पुढच्या प्रवासाचा अर्जही त्याच्यासोबत जोडला.