रडायचंय, पण दुप्पट वेगाने

आज कट्ट्यावर आमच्या गाण्याच्या व्हिडिओचं प्लॅनिंग झालं. निम्मा वेळ वडापावात गेला, ते सोडा. गाणं आहे शिकायला पुण्याला निघालेल्या मुलीचं आणि तिला एसटीत बसवून देणाऱ्या वडिलांचं. पहिली सूचना अपेक्षेप्रमाणेच आली: रंकाळा, सूर्यास्त, मोकळे केस, स्लो मोशन. मी सरळ नाही म्हटलं. कोल्हापुरातला प्रत्येक विरह रंकाळ्यावरच का?

स्लो मोशन ठेवतोय, पण एकाच कडव्याला. ते सेकंदाला ५० फ्रेमवर (म्हणजे ५० चित्रं) शूट करून २५ वर चालवायचं, की सगळं निम्म्या वेगाने दिसतं. म्हणजे शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि तिने त्याच वेगात ओठ हलवायचे, तरच एडिटिंगमध्ये ओठ जुळतात. मोबाईलवर तशी तालीम घेतली, तर एवढं हळवं गाणं वरातीच्या बँडसारखं सुटलं! सगळे लोळून हसलो. बिचारीला त्यातच डोळ्यांत पाणी आणायचंय.

स्टँडवर शूट करायचं तर परवानगी लागणार, उद्या अर्ज देतोय. तोवर घरातले सीन.

वडिलांच्या भूमिकेसाठी मैत्रिणीचे काका तयार झालेत. त्यांनी नुसतं करून दाखवलं: खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि कंडक्टरला दोनदा विचारलं, "स्वारगेटला किती वाजता पोचंल?" रडणं नाही, काही नाही. स्टोरीबोर्डमधली मिठी आम्ही तिथेच खोडली.

कुणाकडे चेन बिघडलेली जुनी प्रवासी बॅग असेल तर इनबॉक्स करा. नवी नको.