आई, आसिस्टेन्स आणि आमचं नॉरेब्रो

मागच्या जूनमध्ये आई कोपनहेगनला, आमच्या नॉरेब्रो भागात, आली तेव्हा पहिल्याच रविवारी मी तिला आसिस्टेन्सला घेऊन गेले. नॉरेब्रोगाडे रस्त्याच्या कडेने जाणारी ती लांबच लांब पिवळी भिंत, आत दाट झाडी, तिला वाटलं बाग आहे. गेटमधून आत गेल्यावर थडगी दिसली आणि ती जागच्या जागी थांबली. "अगं हे स्मशान आहे ना? आणि ही माणसं इथे चादरी टाकून खातायत काय?" मी म्हटलं चल तर खरं, आणि हात धरून आत नेलं.

१७६० मध्ये ही दफनभूमी तटबंदीच्या बाहेर सुरू झाली ती गरिबांसाठी, कारण गावातल्या चर्चच्या आवारात जागाच उरली नव्हती. बऱ्या घरच्या लोकांना इथे यायला नको असायचं. मग १७८५ मध्ये आउगुस्टिन नावाच्या एका खगोलाच्या अभ्यासकाने सांगून ठेवलं की मला तिथेच पुरा, आणि त्यानंतर मोठमोठी माणसं यायला लागली. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर इथे आहे, तत्त्वज्ञ किर्केगोर इथे आहे, ज्याच्या आडनावाचा अर्थच दफनभूमी. आणि अँडरसन. आईला सांगितलं की लहानपणी आम्हाला बदकाच्या कुरूप पिल्लाचं गाणं म्हणायचीस ना, त्याची मूळ गोष्ट लिहिणारा हा. ती काही बोलली नाही, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि थोडा वेळ उभी राहिली. त्यानंतर दोन महिने ती रोज सकाळी एकटी तिथे फिरायला जायची.

नॉरेब्रो म्हणजे उत्तरेकडचा पूल. १८५२ पर्यंत तळ्यांच्या या बाजूला पक्कं बांधायला बंदी होती कारण शत्रू आला तर तटावरून तोफांसाठी मैदान मोकळं हवं होतं, ती बंदी उठली आणि मग कामगारांसाठी चार-पाच मजली इमारती, त्यांच्या मागच्या चौकात परत इमारती, एकेका खोलीत अख्खं कुटुंब असं हे सगळं भराभर उभं राहिलं. मला वाचताना सारखं परळ-लालबाग आठवत होतं. पुढे १९६०-७० च्या दशकात तुर्कस्तान, पाकिस्तान, युगोस्लाव्हियातून कामाला आलेली माणसं इथे राहायला लागली कारण घरं जुनी आणि भाडं कमी. आज इथे शावर्मा, हलाल मटण, भेंडी, कोथिंबिरीच्या जुड्या सगळं मिळतं, आणि खरं सांगते, परक्या देशात कोथिंबीर मिळाली की माणूस अर्धा रुळतो.

यागतवाय रस्त्यावर ६९ नंबरला १८९७ पासून कामगारांचं एक सभागृह होतं. १९१० मध्ये तिथे समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि जर्मनीच्या क्लारा झेटकिन वगैरेंच्या ठरावातून दरवर्षी महिला दिन पाळायचं ठरलं. आई बत्तीस वर्षं शाळेत शिकवत होती, दर आठ मार्चला तिच्या शाळेत फळ्यावर रांगोळीसारखी अक्षरं काढायचे. तिला तो नंबर दाखवायचा होता पण इमारत नाही. पुढे तिथे तरुणांचं केंद्र झालं होतं, मग मालकीचं भांडण, पोलीस, दगडफेक, आणि मार्च २००७ मध्ये पाडलीच. आई म्हणाली, निदान एखादा दगड तरी ठेवायचा होता.

आता सुपरकीलनबद्दल, कारण हे लिहायला बसले ते त्यासाठीच. २०१२ चं हे लांबट पार्क, एक लाल चौक, एक काळा, त्याच्यावर पांढऱ्या रेघा, आणि पुढे हिरवळ. वास्तुरचनाकार बियार्के इंगेल्सची बिग ही कंपनी, बर्लिनची बागा-चौक आखणारी टोपोटेक १ आणि सुपरफ्लेक्स हा कलाकारांचा गट, तिघांनी मिळून केलं. आजूबाजूच्या लोकांना विचारून पन्नासहून जास्त देशांतल्या वस्तू आणल्या किंवा तशाच बनवल्या. मोरोक्कोचं कारंजं, जपानी ऑक्टोपसची घसरगुंडी, थायलंडचं बॉक्सिंगचं रिंगण, पॅलेस्टाइनची मातीसुद्धा. २०१६ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. मला ही जागा मनापासून आवडते, मुलं त्या ऑक्टोपसवरून उतरतच नाहीत.

पण शेजारीच म्योलनरपार्कन ही वसाहत आहे, आणि डेन्मार्कचा २०१८ चा कायदा असा की जिथे निम्म्याहून जास्त रहिवासी बिगर-पाश्चात्त्य मुळाचे आणि शिवाय नोकरी, शिक्षण, उत्पन्न, गुन्हे यांच्यापैकी निदान दोन निकष भरतात ती वस्ती घेट्टो, आणि अशा वस्त्यांपैकी ज्या वर्षानुवर्षं यादीत राहतात तिथली कौटुंबिक सार्वजनिक घरं २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणायची. नंतर घेट्टो हा शब्द काढला, कायदा राहिला. त्यांच्या देशातलं कारंजं हवं, बाक हवा, आणि ती माणसं जास्त झाली म्हणून त्यांनी घर सोडायचं, हे मला पटत नाही, पटणारही नाही.

आईची तिथेच एका पाकिस्तानी आजींशी ओळख झाली. सत्तरच्या दशकात नवऱ्यामागे आलेल्या, लाहोरच्या. एक हिंदी बोलायची, एक उर्दू, दोघी घसरगुंडीजवळच्या बाकावर बसून गुडघ्यांबद्दल, सुनांबद्दल बोलायच्या, आणि आईने एकदा पुरणपोळ्या नेल्या तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी डब्यात शेवया दिल्या. त्यांच्या ब्लॉकमधल्या घरांचं काय होणार याची पत्रं येत होती तेव्हा.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई आधी मुलांचं विचारते आणि मग, "त्या दिसल्या का गं?" मी जाते तिकडे, बाकावर बसून येते. ऑगस्टनंतर मला त्या दिसलेल्या नाहीत. डबा अजून आमच्याकडेच आहे.